कोंडा

म्हेत्रे सरांनी फळ्यावर दोन त्रिकोण काढले.
एक बुटका, एक उंच.
बुटक्याखाली लिहिलं टेकडी, उंचाखाली डोंगर,
आणि म्हणाले, फरक सांगा.

साखर पेठेमागची आमची महापालिकेची शाळा.
खिडकीतून मागांचा खटखटाट आत यायचा,
त्याच्याच तालावर आम्ही एकोणतीसपर्यंत पाढे पाठ केलेले.
डोंगर मात्र कुणी पाहिला नव्हता.
चढ म्हणजे रेल्वेचा पूल,
भाड्याच्या सायकलीला तोही भारी.

शिवलीला म्हणाली, गुड्डा लहान, बेट्टा मोठा.
पण ते कन्नड झालं, म्हणून सरांनी खाली बसवलं.
मग पहिल्या बाकावरचा राजेशम उभा राहिला.
उभा राहिलाय हे आम्हाला उशिरा कळलं,
इतका ठेंगणा.
"सर, आमच्यात गुट्टा म्हणजे टेकडी.
कोंडा म्हणजे डोंगर."

राजेशमचं आडनाव कोंडा.

आम्हाला ठाऊक होता तो कोंडा
चाळणीत उरणारा,
निजेला धोंडा, भुकेला कोंडा, त्यातला,
नाहीतर डोक्यात होणारा.
साडेतीन फुटी डोंगर! मागून कुणीतरी ओरडलं.
मीच ओरडलो.

हसू विरायला वेळ लागला. सरांनी पुस्तक उघडून निकाल दिला,
अमुक मीटरच्या वर डोंगर, त्याच्या खाली टेकडी.
राजेशम अजून उभाच.
"मीटर कुठून मोजायचे, सर?"
"समुद्रापासून."
"मग आपलं सोलापूर?"
सरांनी खडू बोटांत फिरवला.
साडेचारशे असेल, म्हणाले, वर थोडं.

म्हणजे बाकावर बसल्या बसल्या
आम्ही एका टेकडीएवढे उंच होतो
आणि आजवर कुणी बोललं नव्हतं.
त्या रात्री अंगणात चादरीवर पडून
मी पश्चिमेला मान लांबवली,
खाली कुठे समुद्र दिसतो का बघायला.
शेजारच्या पत्र्यावर मांजर होतं. बाकी काळोख.

डिसेंबरात सहल तुळजापूरला गेली.
तामलवाडी मागे पडली आणि समोर निळसर भिंत.
डोंगर! अख्खी एस.टी. ओरडली.
घाटात शिवलीलाला उलटी झाली,
ड्रायव्हरनं गिअर बदलला, गाडी कण्हली,
आणि आम्ही वर.
आता पलीकडची उतरण दिसणार म्हणून
सगळे खिडक्यांना चिकटलो.

उतरण नव्हतीच.
वर ज्वारी होती.
सपाट रान, एक विहीर, कुठलासा पाण्याचा पंप,
सायकलवर कॅन लटकावून चाललेला दूधवाला,
ज्याला कुणी सांगितलं नव्हतं
की तो डोंगराच्या माथ्यावर पायडल मारतोय.
राजेशम माझ्या कानाशी म्हणाला,
"खालून डोंगर बे. वरून गाव."

सहावीनंतर तो शाळेत आला नाही.
कांड्या भरायला लागला असं ऐकलं.
मी शिकलो, मोजणी खात्यात चिकटलो.
लोकांचे बांध मोजतो, हद्दीच्या खुणा रोवतो.
आमच्या नकाशावर लांबी असते, रुंदी असते,
शेजाऱ्याची सही असते.
उंचीला रकाना नाही.

गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नाला
आहेराचे टॉवेल घ्यायला अक्कलकोट रोडला गेलो.
गोदामात गठ्ठ्यांची रास, छतापर्यंत,
आणि राशीच्या टोकावर मांडी घालून, वहीत आकडे टिपत,
तो.
"काय करलालास बे इथं?"
मी मान वर करून सांगत होतो,
तो वाकून ऐकत होता.
भुवयांवर सुताची लव, केस पांढरेशुभ्र,
वय किती आणि कापूस किती, कळेना.

वर्गातलं ते ओरडणं
जिभेपर्यंत आलं होतं.
मी भाव विचारला.
त्यानं नगामागे पाच रुपये सोडले,
डोकं झटकलं, पांढरं काहीतरी भुरभुरत
माझ्या शर्टावर येऊन बसलं.
"कोंडा," म्हणाला, आणि हसला.

कुठला, ते मी विचारलं नाही.
पोऱ्यानं चार डझन बांधून दिले.
टेम्पो शोधत मी फाटकाबाहेर आलो.
रस्ता सपाट होता,
तरी उतरल्यासारखं वाटत होतं.